गोडं लोखंड

कँपपासून प्लांटच्या फाटकापर्यंत पंचेचाळीस मिनिटांचा रस्ता आणि त्यावर चार गतिरोधक. तिसऱ्यावरून बस गेली तेव्हा रहमतुल्लाच्या टाचेखाली आवाज झाला, आणि तो त्याला आवडला नाही. बावीस वर्षं त्याने सौदीतल्या जुबैलमध्ये गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढली होती. धड लोखंडाला धक्का बसला की ते वाजतं, आवाज चासीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आणि मग विरतो. आताचा आवाज धावला नाही. जिथे झाला तिथेच बसला, ओल्या गोणीवर बुक्की मारावी तसा. शेजारी बाळाराम बसला होता. गुहागरकडचा, परांची बांधायच्या कामावरचा, सहा वर्षं त्याच्याच खोलीत राहणारा. तो बॅगेच्या वजनाविषयी बोलत होता. "तीस किलोच्या वर सोडत नाय हां रहमतभाय, आधीच सांगतंय. मागच्या टायमाला माझी खजूर काढून ठेवलीनी विमानतळावर." रहमतुल्लाने नुसतं हं केलं. चौथा गतिरोधक यायचा होता. त्याने उजवा पाय बुटातून काढला, मोजा उतरवला आणि अनवाणी टाच पत्र्यावर टेकली. बाळारामने ते पाहिलं आणि चावला असेल बूट असं समजून तो पुढे बोलत राहिला. चौथा गतिरोधक आला. ठस्स. या वेळी आवाजापाठोपाठ काहीतरी किरकिरलं, आणि मागच्या चाकांची कमान, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, चासीला जिथे धरलेली असते नेमकं तिथेच ते किरकिरलं.

ही एकतीस नंबरची बस. बसमध्ये चढताना नंबर वाचायची त्याला गरज नव्हती, कंपनीच्या चाळीसही बसचं पोट त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. तरी त्याने वाकून ड्रायव्हरच्या डोक्यावरची पाटी पाहिली. एकतीसच होती. बाहेर जानेवारीचं धुकं, आणि धुक्याखाली रस्ता पांढरा. नवख्या माणसाला वाटावं की वाळूवर दव पडलंय. ते मीठ होतं. इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल खाजण आहे. इथले लोक त्याला सब्खा म्हणतात, रहमतुल्ला पहिल्या दिवसापासून खाजणच म्हणत आला. उन्हाळ्यात ते कवडीसारखं कोरडं असतं. हिवाळ्यात पावसाच्या दोन सरी येतात, भरतीचं पाणी खालून वर चढतं, ट्रकांची चाकं तो खारा चिखल डांबरावर ओढून आणतात आणि उन्हं वर आली की रस्ता मिठाचा होतो. मग धावणारी प्रत्येक गाडी आपल्याच पोटावर मीठ उडवत जाते. नवीकोरी बस या रस्त्यावर तशीच सोडली तर चार हिवाळ्यांत तिची चासी बिस्किटासारखी हाताने मोडेल. तसं होऊ नये म्हणून कंपनीने रहमतुल्ला ठेवला होता. गाडी वर उचलायची, गोड्या पाण्याने धुवायची, वाळवायची, आणि मग खालून काळा कोट मारायचा, रबरासारखा, बोटभर जाड. सोपं काम. कुणालाही येईल असं काम. पण दुसऱ्याने कोट मारलेल्या गाड्या पाच वर्षांत भंगारात जायच्या आणि रहमतुल्लाच्या बारा-बारा वर्षं धावायच्या, आणि असं का, ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण त्याच्या जिभेत होतं. त्याचा बाप जयगडच्या खाडीवर होड्यांना तेल द्यायचं काम करायचा. मुशी माशाच्या काळजाचं तेल, वास असा की बाप मेल्यावर सहा महिने त्याच्या सदऱ्यांना येत होता. होडी किनाऱ्यावर ओढली की बाप आधी विहिरीच्या पाण्याने तिचे खिळे धुवायचा, आणि वाळले की गुडघ्यावर बसून एकेका खिळ्याच्या डोक्याला जीभ लावायचा. खारट लागलं की पुन्हा पाणी. "लोखंड गोडं झाल्याशिवाय त्याच्यावर काय लावू नको," बाप सांगायचा. "मीठ बाहेर असेल तर धुतलं जाईल. आत कोंडलंस तर ते तिथे बसून खाईल, आणि वरून तुझं काम झकास दिसेल." रहमतुल्लाने जुबैलमध्ये हेच केलं. सगळे चहाला गेले की तो उचललेल्या गाडीखाली जायचा आणि कमान जिथे अडकते त्या कानाला, आडव्या पट्ट्यांना, ब्रेकच्या नळीला जिभेचं टोक लावायचा. ग्रीसची, डिझेलची, गंजाची चव त्याला पाठ होती. त्या सगळ्या चवींखाली लपलेलं मीठ तो अचूक पकडायचा. पहिल्या वर्षी एका मल्याळी फोरमनने त्याला असं करताना पाहिलं होतं आणि आठवडाभर त्याला कुत्रा म्हणून हाक मारली होती. तेव्हापासून तो चोरून करायला लागला. पुढे तो फोरमन गेला, नवीन आले, रहमतुल्लाच्या गाड्या टिकतात अशी ख्याती झाली, आणि लाजेपायी लपवलेली गोष्ट कधी गर्वापायी लपवायची झाली ते त्याचं त्यालाही समजलं नाही.

आणि मग दीड वर्षापूर्वीचा तो रमजान आला. जूनचा महिना, रोजा साडेपंधरा तासांचा. एकतीस ते सदतीस अशा सात नव्या बस आल्या होत्या आणि ईदच्या आत रस्त्यावर हव्या होत्या. पाण्याचा टँकर बदलला होता. नवा टँकरवाला आपलं पाणी गोडंच असल्याच्या शपथा खात होता. एकतीस नंबर धुऊन वाळली तेव्हा रहमतुल्ला तिच्या खाली गेला, सवयीने जीभ ओठांपर्यंत आली, आणि थांबली. रोजा होता. नुसती चव घेऊन थुंकलं तर रोजा मोडत नाही असं कुणीतरी म्हणायचं, मोडतो असंही कुणीतरी म्हणायचं. बावीस वर्षांत त्याने एक रोजा सोडला नव्हता की त्याच्यावर संशयाचा डागही पडू दिला नव्हता. आधीचे रमजान त्याने निभावले होते, कारण पाणी नेहमीच्या टँकरचं होतं आणि कामं थोडी होती, तो इफ्तारनंतर येऊन चव घेऊन जायचा. या वेळी कोट मारणारे दोघे नेपाळी पंप चालू करून उभे होते. त्यांच्यापैकी कुणालाही रोजा नव्हता. "अरे, जरा इथे जीभ लावून सांग" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग गुपित गेलं असतं. पत्र्यावर त्याला एक फिकट झाक दिसली होती. साबणाची असेल, असं त्याने ठरवलं. ठरवलं हाच शब्द खरा. मग त्याने हात वर केला आणि पंप सुरू झाला. एकतीस झाली तशी बत्तीस झाली, सातही झाल्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याने टँकरच्या नळाखाली ओंजळ धरली आणि तोंडात घेतलेलं पाणी तिथेच थुंकलं. साफ खारं होतं. त्याने टँकर बदलून घेतला, कारण काहीतरी दुसरंच सांगितलं, आणि सात बसविषयी चकार शब्द काढला नाही. कोट जाड होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिला हिवाळा गेला, काही झालं नाही, आणि माणसाला विसरायचं असलं की एक हिवाळा पुरतो.

"तुमचं लक्ष नाय," बाळाराम म्हणाला. "भाभींचा फोन आला काय रात्री?" रहमतुल्लाने नकाराची मान हलवली. बायकोचा, मासूमाचा फोन आता येत नसे. भाद्रपदात तिचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. मुलगी, अरवा, फोन तिच्या कानाशी धरायची आणि इकडून तो बोलायचा, पावसाचं विचारायचा, आंब्याच्या कलमांचं विचारायचा, आणि तिकडून नुसता श्वास यायचा. मागच्या जुम्म्याला अरवा म्हणाली होती, "अब्बा, लवकर या. अम्मी आता मला कधीकधी वळखत नाय." तेव्हा रजा मागितली तर कंपनीवाले नाही म्हणाले, आधी काम शिकवून हवाली करा म्हणाले. कारण परदेशी कामगारांच्या जागी सौदी घ्यायच्या सौदीकरणात त्याची जागा गेली होती. सरकारी यादीत कंपनी पिवळ्या रंगातून हिरव्यात जायची तर वर्कशॉपमध्ये इतके सौदी हवेत असा हिशेब वर कुठेतरी झाला होता, आणि त्याच्या जागी मुआज नावाचा एक हुफूफचा माणूस आला होता. चार महिने रहमतुल्लाने त्याला शिकवलं. आता कायमचं परत जायला, फायनल एक्झिटला, नऊ दिवस उरले होते. नऊ दिवसांनी तो मासूमाच्या उशाशी बसणार होता, तिने ओळखलं तरी आणि नाही ओळखलं तरी. आणि आता ही टाचेखालची ठस्स. बोललो तर काय होईल ते त्याला हातच्या रेषांसारखं दिसत होतं. सात बस उभ्या राहतील, चौकशी लागेल, आणि चौकशी संपेपर्यंत ज्याने कोट मारला त्याला देश सोडता येणार नाही. रायगडचा कादिर त्याने पाहिला होता. एका अपघातानंतर फक्त चाकाचे नट याने आवळले होते एवढ्यावरून तो दोन वर्षं अडकला, मध्यंतरी त्याची आई गेली, आणि शेवटी निर्दोष ठरून सुटला तेव्हा त्याला कुणाशी बोलायचं सुचत नव्हतं. आणि नाही बोललो तर? रहमतुल्लाने मान वर करून बस पाहिली. चव्वेचाळीस माणसं. बहुतेक झोपलेली, तोंडं उघडी, माना डुगडुगत असलेल्या. पुढे हमरस्ता लागला आणि ड्रायव्हरने काटा शंभरावर नेला. बापाचं वाक्य त्याला आठवत होतं पण त्याचा आता उपयोग नव्हता. कळतं पण वळत नाही म्हणतात ते खोटं आहे, त्याला वाटलं, वळायची किंमत कळते म्हणून वळत नाही.

फाटकाशी माणसं उतरली. बाळाराम टोपी घालत म्हणाला, "चहा घ्या जरा, त्वांड उतरलंय." बस रिकामी होऊन वर्कशॉपकडे निघाली आणि रहमतुल्ला एकटा मागे बसून राहिला. रिकामी बस आणखीच वाईट वाजत होती. वर्कशॉपमध्ये त्याने ती तपासायची म्हणून खड्ड्यावर घेतली, हातात लहान हातोडी घेतली आणि खाली उतरला. खालून सगळं काळं, तुकतुकीत, देखणं. दीड वर्षापूर्वीचं आपलं काम पाहून क्षणभर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरम वाटली. मागच्या कमानीच्या कानापाशी कोट किंचित फुगला होता, भिंतीच्या ओलीवर रंग फुगतो तसा. त्याने हातोडीने हलकेच ठोकलं. कोट आत गेला आणि परत आला. त्याने खिशातला चाकू काढून नखाएवढी चीर दिली. आतून तपकिरी पाणी आलं, चहाच्या पुरचुंडीतून यावं तसं, आणि त्याबरोबर लोखंडाचे पापुद्रे. चाकूचं टोक त्याने आत सरकवलं. ते जायला नको होतं तितकं आत गेलं. हा कान सुटला तर धावत्या गाडीखालची कमान सुटणार, कमान सुटली तर मागचा आस तिरका होणार, आणि शंभरच्या वेगात आस तिरका झाला तर पुढचं त्याला माहीत होतं. उद्या होईल, की सहा महिन्यांनी, हे मात्र कुणी सांगू शकलं नसतं. त्या न सांगता येण्याला तो लोंबकळला. सहा महिने कशावरून नाहीत? सहा महिन्यांत मुआज धुवायला घेईल, त्याला दिसेल. दिसेल? काय दिसेल? त्याला आपण काय पाहायला शिकवलंय?

"अबू अरवा!" वरून हाक आली. मुआज खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला होता. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, चार वर्षं बेकार राहून मिळालेली ही नोकरी तो जिवापाड जपत होता. पहिल्या दिवशी त्याने मुलीचं नाव विचारून घेतलं होतं आणि तेव्हापासून त्याने रहमतुल्लाला कधी नावाने बोलावलं नाही, तो अरवाचा बाप म्हणूनच हाक मारायचा. दोघं मोडक्या अरबीत आणि थोड्या हिंदीत बोलत. "काही आहे का खाली?" त्याने विचारलं. रहमतुल्लाने अंगठा चिरेवर दाबून धरला होता. तपकिरी पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. "आवाज येत होता थोडा," तो म्हणाला. मुआज लगबगीने खाली आला. त्याच्या हातात कोटाची जाडी मोजायचं नवं यंत्र होतं, ते त्याने दोन हात अलीकडे चासीला लावलं आणि आकडा रहमतुल्लाला दाखवला. "बघ. जाड, भरपूर जाड. तुझ्यासारखा कोट कुणी मारत नाही." यंत्र बरोबरच सांगत होतं. ते कोट मोजत होतं. "मुआज," रहमतुल्ला म्हणाला, आणि त्याला वाटलं आता आपण सांगणार, शब्द दातांपर्यंत आले आहेत. मुआजने सहज मान वर केली. "मला काही शिकवायचं राहिलंय का तुझ्याकडून?" त्याने विचारलं. "काही राहिलं असेल तर सांग. तू गेल्यावर मी कुणाला विचारू?" रहमतुल्लाने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाने त्याचं काही वाईट केलं नव्हतं. फक्त त्याची जागा घेतली होती, आणि तीही त्याने मागितली नव्हती. तरी चार महिने शिकवताना प्रत्येक वेळी जिभेपाशी आला की रहमतुल्ला दुसरीकडे वळला होता, कारण तेवढं एक त्याचं स्वतःचं होतं आणि कोणत्याही हिरव्या-पिवळ्या रंगाला ते काढून घेता येत नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "सगळं दिलंय."

मुआज वर गेला. रहमतुल्लाने डबा आणला, ब्रश आणला, आणि चिरेवर काळा कोट मारला, एकदा, मग दुसऱ्यांदा. हात सफाईने चालत होता. हात असे असतात, त्यांना काय चाललंय हे कुणी सांगत नाही. जेवणाआधी मुआजने त्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर हवाली करण्याचा कागद होता, चाळीस बसचे नंबर आणि प्रत्येकापुढे हालतीचा रकाना. रहमतुल्लाने पेन घेतलं. एकतीसपाशी हात थांबला नाही आणि मग थांबण्याचं काही कारण उरलं नाही. सगळीकडे चांगली, चांगली, चांगली. खाली त्याची सही, त्याच्या शेजारी मुआजची. आजपासून त्या बस मुआजच्या. मुआजने टेबलाखालून खजुरांची एक पेटी काढली. "माझ्या आजोबांच्या झाडांची," तो म्हणाला. "उम्म अरवाला दे. मऊ आहे, तिला चावावं लागणार नाही." मासूमाला गिळताना त्रास होतो हे रहमतुल्ला कधीतरी बोलून गेला असणार. त्याने पेटी घेतली. ती जड होती आणि कुठे ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून तो दुपारभर तिच्या शेजारी बसून राहिला.

संध्याकाळी परतीच्या वेळेला फाटकाशी बस लागल्या. बाळाराम एकतीसच्या पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात रहमतुल्लाने त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं, बावीस नंबरच्या मागे, जिथे कुणी नव्हतं. "आजपासून तू या बसने जात जा. बावीसने. सकाळी दहा मिनिटं आधी सुटते, पण जा." बाळाराम हसला. "का ओ? त्यात एसी बंद हाय." मग त्याने रहमतुल्लाचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. रहमतुल्लाने सगळं सांगितलं. टँकर, रोजा, फुगलेला कोट, चाकू कुठवर गेला, कागदावरची सही. जीभही सांगितली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ती सांगताना त्याला काहीच वाटलं नाही. बोलताबोलता त्याला उमगलं की आपण बाळारामला वाचवायला आलेलोच नाही. आता हा ओरडेल, माणसं गोळा करेल, ड्रायव्हरला खाली ओढेल, आणि गोष्ट आपल्या हातातून सुटेल. जे व्हायचं ते होईल, पण आपण केलं नसेल. तो त्याची वाट पाहू लागला. बाळारामने एकतीसकडे पाहिलं. माणसं चढत होती, कुणी कुणाला जागा धरायला सांगत होतं. "आनि बाकीच्यांचा काय?" त्याने हळू विचारलं. रहमतुल्लाने मान दुसरीकडे वळवली. "तुमी कंदी जाताव?" "पुढच्या गुरुवारी." "भाभी?" "तशीच." बाळारामने नाक पुसलं. "मंग जावा तुमी. माझ्या तोंडातून एक शब्द जायचा नाय. आईची आन." आणि त्याने रहमतुल्लाच्या पाठीवर हात ठेवला, थोरल्या भावाच्या पाठीवर ठेवावा तसा. माणूस चांगला निघाला हीच पंचाईत झाली. रहमतुल्लाला त्या हाताचा इतका राग आला की त्याला पुढचं दिसेना.

खोलीत रात्री बाळारामने डाळ गरम केली, त्याच्या ताटात वाढली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. बाळाराम बावीसच्या रांगेत उभा होता, मान खाली घालून, त्याला बोलवायला आलेल्या आपल्या गावच्या पोरांना हात हलवून तुम्ही व्हा पुढे म्हणत होता. ती पोरं एकतीसमध्ये चढली. बाळारामने त्यांना अडवलं नाही, आणि ते न अडवणं कुणासाठी होतं हे रहमतुल्लाला ठाऊक होतं. रहमतुल्ला एकतीसमध्ये चढला. रात्रभर विचार करून त्याने एवढं ठरवलं होतं की उरलेले दिवस आपण याच बसने जायचं, मागच्या चाकावर बसून. जे इतरांचं ते आपलं. पहाटे हे ठरवल्यावर त्याला जरा झोपही लागली होती. आता बसच्या खिडकीला टेकून बसल्यावर त्याने ते पुन्हा मोजून पाहिलं. आठ दिवस. आठ दिवस तो यांच्याबरोबर धोका घेणार होता, आणि नवव्या दिवशी विमानात बसणार होता, आणि दहाव्या दिवशी साडेसहाला ही बस नेहमीसारखी सुटणार होती. बस भरली. शेवटी एक नवा माणूस चढला, बिहारचा असावा, हातात कोरं हेल्मेट, त्याच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं. तो सगळीकडे बघत मागपर्यंत आला आणि रहमतुल्लाच्या शेजारच्या रिकाम्या जागेपाशी थांबला. "चाचा, यहाँ कोई बैठता है?" त्याने विचारलं. रहमतुल्लाने त्याच्याकडे पाहिलं. "नहीं," तो म्हणाला, आणि खिडकीकडे सरकून त्याने त्याला जागा करून दिली.